फ्रिजला टेकवलेली खुर्ची

अमेरिकेहून आल्यापासून गावात जो तो विचारतो, काय काय पाहिलं. मी सांगतो, तुरीच्या शेंगा पाहिल्या आणि लाईन जाताना पाहिली. लोकांना वाटतं म्हातारा थट्टा करतो. आमच्या वाचनालयाचे गुरुजी म्हणाले, थट्टा नसेल तर लिहून द्या, अंकात छापतो. मी सातवी शिकलो, पुढे जन्मभर टँकर चालवला. डेपोतून पेट्रोल-डिझेल भरायचं आणि पंपावर नेऊन रिकामं करायचं, एवढंच काम. लिहिण्यात चुका असतील त्या गुरुजींनी सुधाराव्या. गोष्ट सुधारू नये.

शुगर लँड

प्रशांत माझा एकुलता मुलगा. टेक्सस राज्यात ह्यूस्टनच्या बाजूला शुगर लँड म्हणून गाव आहे, तिथे तो, सूनबाई मधुरा आणि नात रिया राहतात. प्रशांतच्या आईचं, म्हणजे सुमनचं, वर्षश्राद्ध झालं आणि त्याने तिकीट पाठवलं. मी नाही म्हणत होतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही त्या घरात एकटे बसून भिंतीशी बोलता, शोभाकाकूने सांगितलं मला." शोभा आमची हिंगणघाटची शेजारीण. खरं तेच सांगितलं होतं तिने. गेलो.

शुगर लँडचे रस्ते मोठे, घरं मोठी, माणूस मात्र रस्त्यावर दिसत नाही. दूध आणायचं तरी गाडी काढायची. मधुरा पुण्याची. तिने माझ्यासाठी ज्वारीचं पीठ शोधून आणलं, भाकरी तुटायची तरी रोज थापायची. मी एकदा म्हणालो, "नको थापू, पोळी चालते." ती म्हणाली, "बाबा, मला शिकायचीय." त्या पोरीचे उपकार आहेत माझ्यावर. तिला तोंडावर सांगता आलं नाही, इथे लिहून ठेवतो.

एका रविवारी प्रशांतने मला तेलाचे कारखाने दाखवायला नेलं. मैलच्या मैल नुसत्या टाक्या, नळ्या आणि उंच धुरांड्यांच्या टोकाला जळणाऱ्या ज्वाळा. आमच्या डेपोत मोठी वाटणारी टाकी तिथे लोट्यासारखी दिसली असती.

"बाबा, काच वर करा, स्मेल येतोय," प्रशांत म्हणाला.

"येऊ दे. किती दिवसांनी ओळखीचा वास आला."

मागून रिया म्हणाली, "आजोबा, यू आर सो वियर्ड." मग तिनेही स्वतःची काच खाली केली.

हा वास अंगाला घेऊन मी घरी यायचो तेव्हा सुमन दारातच अडवायची. पहिले न्हाणीत जा, मग घरात या. आता कोणी अडवत नाही.

त्याच रात्री जेवताना मधुराने सहज विचारलं, "बाबा, घरी सगळं बंद करून आलात ना? गॅस, गीझर, फ्रिज?"

"फ्रिज चालू आहे."

"तीन महिने? आत काय आहे?"

मी भाकरी मोडत राहिलो. प्रशांतने सांगितलं, "आईचं इन्शुलिन आहे, मधुरा." मग मला म्हणाला, "बाबा, ते एक्स्पायर झालं असेल. थ्रो करून टाकायचं ना यार."

"तुझ्या घरातलं तू थ्रो कर," मी म्हणालो.

जेवण तिथेच संपलं. ही गोष्ट इथे सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे. सुमनला साखर होती. शेवटी दिवसातून दोनदा सुई. तिच्या औषधाच्या दोन बाटल्या फ्रिजच्या दारात राहिल्या होत्या. तिची लुगडी, कपडे मी वाटून दिले, चष्मा दिला, चपला दिल्या. त्या बाटल्या हातातून सुटत नव्हत्या. फ्रिज बंद केला असता तर त्या खराब झाल्या असत्या. शोभाकडे किल्ली देऊन सांगून आलो होतो, लाईट बिल भर, फ्रिजला हात लावू नको.

बेटावर

प्रशांतची कंपनी घरांवरच्या सूर्याच्या विजेच्या बॅटऱ्या एकमेकींना जोडायचं काम करते. त्या कामासाठी त्याला पोर्तो रिकोला जायचं होतं. मला म्हणाला, "चला माझ्याबरोबर, तिथे गरम आहे, तुम्हाला आवडेल." मधुराने तिळगुळाचे लाडू डब्यात भरून दिले. संक्रांत तिकडेच होणार होती.

पोर्तो रिको हे समुद्रातलं बेट. आहे अमेरिकेचंच. व्हिसा वेगळा लागत नाही, नोटा डॉलरच्याच. पण लोक बोलतात स्पॅनिश आणि बेटाला म्हणतात आपला देश. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि अंगाला ओळखीचा घाम फुटला. आंब्याची झाडं, नारळ, गुलमोहर, रस्त्यात कोंबडा. पंपावर गाडी थांबली तर पेट्रोल लिटरवर. टेक्ससात सगळं गॅलनमध्ये, मला हिशेबच लागत नव्हता. इथे मी प्रशांतला म्हणालो, "हा आपला माणूस दिसतो." पुढे रस्त्यावरच्या पाट्या पाहिल्या तर अंतर किलोमीटरमध्ये आणि वेगाची मर्यादा मैलात. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. बेटाचं सगळंच तसं आहे.

डोंगर ओलांडून दक्षिणेकडे उतरलो. घाट थेट आपल्यासारखा, वळणावर हॉर्न देणारेही तसेच. पोन्से नावाच्या शहराच्या पलीकडे टेकडीवर एक वस्ती, तिथे दोन्या मिलाग्रोस यांच्या घरात आम्हाला खोली मिळाली. दोन्या म्हणजे आपण बाई किंवा ताई म्हणतो तसं. बाई माझ्याच वयाच्या, जाड भिंगांचा चष्मा, आवाज खणखणीत. मला त्या सेन्योर म्हणायच्या. आमचं बोलणं फोनमधून. प्रशांतने माझ्या फोनमध्ये भाषांतर टाकून दिलं होतं. त्यांनी स्पॅनिश बोलायचं, मग फोनमधली बाई बातम्या वाचल्यासारखं मराठी सांगायची.

पहिल्या दिवशी बाईंनी भात केला. ताटलीत पाहतो तर तुरीचे सोले. हिरवे ओले दाणे, भातात शिजवलेले. मी खुर्चीतून उठलो. प्रशांत म्हणाला, "काय झालं, बाबा?"

"काही नाही. सोलेभात आहे."

प्रशांतने आधीच कळवलं होतं की वडील डुकराचं मटण खात नाहीत, म्हणून बाईंनी त्याशिवाय केला होता. गल्लीतले लोक म्हणे मुद्दाम चव बघायला आले, असा बिनमांसाचा कसा लागतो ते. आमच्याकडे पौषात सुमन सोलेभात करायची, वर तेलात तडतडलेला लसूण आणि मूठभर सांबार. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. या बाईंच्या अंगणात लांब पानांचं एक झाड होतं, दिसायला वेगळं पण वास सांबाराचाच, तेच त्यांनी भातात घातलं होतं. मी दोनदा वाढून घेतला. वर्षभरात मी काहीच दोनदा मागून खाल्लं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून प्रशांत सकाळीच कामावर जायचा आणि मी बाईंच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलायचो. काम मागून घेतलं. बाई आधी नको म्हणाल्या, मग माझा हात पाहिला आणि टोपलीच पुढे सरकवली.

जहाजाची वाट

बाईंच्या शेजारी नेस्तोर राहायचा. तो वीज तयार करण्याच्या केंद्रात जन्मभर कामाला होता, आता घरी. सुकलेला, लांब, तोंडाळ माणूस. त्याला इंग्रजी येत होतं, मला टँकरपुरतं येत होतं, आमचं जमलं. संध्याकाळी तो मला टेकडीच्या कडेला नेऊन समुद्र दाखवायचा. खाली किनाऱ्यावर धक्का होता आणि एके दिवशी त्याला एक जहाज लागलेलं होतं. पाठीवर मोठमोठे गोल घुमट.

"गॅस," नेस्तोर म्हणाला. "थंड करून पाणी केलेला गॅस."

मी त्याला सांगितलं की मी बारा हजार लिटरचा टँकर चालवायचो. त्याने जहाजाकडे बोट केलं आणि हसला. "तू चालवायचास तो थेंब होता, मित्रा."

"पण तो थेंब वेळेवर पोचायचा," मी म्हणालो.

हे त्याला फार आवडलं. पुढे रोज कोणी भेटलं की मला पुढे करून तेच सांगायचा.

बेटावर तेल नाही, गॅस नाही, कोळसा नाही. हे सगळं येतं जहाजातून. जहाज समुद्रात अडकलं, नाहीतर एखादं जुनं केंद्र बिघडलं, की अर्ध्या बेटाची लाईन, म्हणजे वीज, जाते. केंद्रं बरीचशी दक्षिणेला आणि माणसं उत्तरेला, मधे डोंगर. डोंगरावरून गेलेल्या तारा वादळात पडल्या की महिनोन्‌महिने अंधार. मी रात्री प्रशांतला विचारलं, "टेक्ससात एवढा गॅस आहे, हे लोकही अमेरिकेचेच. मग तिकडून का नाही आणत?"

तो म्हणाला, "बाबा, जुना कायदा आहे. एका अमेरिकन बंदरातून दुसऱ्या अमेरिकन बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकन झेंड्याचं लागतं. गॅसची तशी जहाजं जवळजवळ नाहीतच. म्हणून आपल्याकडचा गॅस परदेशात जातो आणि इथे परदेशातून येतो."

"म्हणजे घरच्या विहिरीचं पाणी पाहुण्याला, आणि घरचा माणूस उसनं मागतो."

"तसंच काहीसं. कॉम्प्लिकेटेड आहे."

मला कॉम्प्लिकेटेड वाटलं नाही. पण आपण पाहुणे, गप्प बसलो.

लाईन बेभरवशाची म्हणून गल्लीने एक व्यवस्था केली होती. मोठ्या वादळानंतर सगळ्यांनी मिळून बाईंच्या छपरावर सूर्याच्या पाट्या आणि भिंतीला बॅटरी बसवून घेतली. घर बाईंचं, बॅटरी गल्लीची. आपल्या पंखे-दिव्यांना ती वीज वापरायची नाही असं बाईंनी स्वतःच ठरवलेलं. बॅटरीवर फक्त एक फ्रिज चालायचा, तो गाडी लावायच्या पडवीत ठेवलेला. त्यात सगळ्या गल्लीचं इन्शुलिन. तिथे साखरेचे आजारी पुष्कळ, नेस्तोरही त्यातलाच. रोज सकाळ-संध्याकाळ बाई फ्रिज उघडणार, ज्याचं त्याला देणार. मधे कोणी हात लावायचा नाही.

बाईंनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फोनमधल्या बाईने त्याचं मराठी असं केलं की, "हे शीतपेटी समुदायाचे आहे." मी मान हलवली. शीतपेटी समुदायाचे म्हणजे काय, ते मला नीट कळलं संक्रांतीच्या आदल्या दिवशी.

शीतपेटी

त्या दिवशी बाई पोन्सेला बाजारात गेल्या होत्या. प्रशांत कामावर. मी पडवीत शेंगांची टोपली घेऊन बसलो होतो. भर दुपारी पंखा थांबला. घरात डोकावून पाहिलं, दिवा लागेना. लगेच आजूबाजूच्या घरांची डिझेलची जनरेटरं धडधडू लागली. कानात दुसरं काही शिरेना.

आता आमच्या घरची रीत सांगतो. आमच्याकडे लाईन जाणं रोजचं. आणि येते तेव्हा कधी कधी अशी जोरात येते की फ्रिजचं मशीन जळून जातं. आमचं एकदा जळालं होतं. तेव्हापासून सुमनचे दोन नियम. मी कामावरून येऊन अंग टाकलेलं असलं तरी ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "लाईन गेली का पयले मेन पाडजा. अन् फ्रिज उघडजा नोका." मेन पाडायचा म्हणजे मीटरजवळचा मोठा खटका खाली करायचा. आणि फ्रिज उघडायचा नाही, म्हणजे आतला थंडावा आत राहतो, तिचं औषध टिकतं.

मी उठलो. पडवीच्या भिंतीवर दोन पेट्या होत्या, एक करडी, एक पांढरी. दोन्हींना खटके. कुठला मेन ते मला काय कळणार. दोन्ही पाडले. बाईंचा फ्रिज वाचला म्हणून समाधानाने येऊन बसलो. खुर्ची ओढली आणि पाठ टेकायला दुसरं काही नव्हतं म्हणून फ्रिजच्या दाराला टेकवली.

पांढरी पेटी बॅटरीची होती.

थोड्या वेळाने नेस्तोर आला. इकडेतिकडे पाहिलं, आणि फ्रिजकडे हात केला.

"नो," मी म्हणालो. "लाईन नो. ओपन नो."

"एकच मिनिट, मित्रा."

"नो मिनिट."

त्याने माझी मनधरणी केली, खांद्यावर हात ठेवला, छातीवर क्रूस काढला. मी खुर्चीतून हललो नाही. त्याला वाटलं बाईंनी मला राखणीला बसवलंय. स्पॅनिशमध्ये मला काहीतरी शिवी दिली आणि पाय आपटत गेला. नंतर एक बाई बर्फ मागायला आली, तिलाही परत पाठवलं. मी सोले सोलत बसलो. मनात आलं, सुमन असती तर म्हणाली असती, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलेलं धड ऐकलं.

उन्हं कलली तेव्हा बाई आल्या. बरोबर नेस्तोरची मुलगी इवेत. ती शहरातल्या दवाखान्यात नर्स, घरी येताना बाईंना गाडीत घेऊन आली. बाई पिशव्या ठेवून पेट्यांकडे गेल्या आणि उभ्याच राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. बोलल्या काहीतरी, फार हळू. मी फोन काढला. लाईनबरोबर टॉवरही गेलेला, फोनमधली बाई मुकी. पण बाईंचा चेहरा पाहिला आणि भाषांतराची गरज राहिली नाही. त्यांनी पांढऱ्या पेटीवर हात ठेवला, मग फ्रिजवर, मग गल्लीतल्या एकेका घराकडे बोट दाखवलं.

मला खुर्चीतून उठता येईना. उठलो तर फ्रिज उघडणार आणि आतलं दिसणार. एवढ्या घरांचं औषध. लाईन परत कधी येईल ते कोणाला ठाऊक नाही, आणि नवीन औषध दुसऱ्या दिवशी पैदा होणारं नव्हे. सुमनला एकदा दोन दिवस औषध मिळालं नव्हतं. तेव्हाची तिची जीभ, तिचे डोळे मी पाहिलेले आहेत.

"मी," म्हणालो. छातीवर बोट ठेवलं. "मी पाडला. माय मिस्टेक." आणि उठलो.

गल्ली जमली होती. इवेतने आधी पांढऱ्या पेटीचा खटका वर केला. मग मला इंग्रजीत विचारलं, "कधी?" मी सूर्य डोक्यावर दाखवला. "उघडला कोणी?" मी म्हणालो, "नो. आय सिट. चेअर." खुर्ची कशी टेकवली होती ती परत टेकवून दाखवली. मागच्या गर्दीतून नेस्तोर म्हणाला, "खरं आहे. या दगडाने मलाही उघडू दिला नाही." हे त्याच्या मुलीने मला नंतर सांगितलं.

तिने दार उघडलं. आत तापमान दाखवणारी काचेची नळी टांगलेली होती. ती डोळ्यांजवळ धरली. मग हात लांब करून बाटल्यांच्या डब्यामागून काहीतरी ओढून काढलं. बिअरचा डबा. तिने तो गालाला लावला आणि बापाकडे वळली.

"थंड आहे," ती म्हणाली. "पापी, हा कोणाचा?" पापी म्हणजे तिकडे बाबा.

नेस्तोर आकाशाकडे बघायला लागला.

सगळी गल्ली हसली. पोट धरून, वाकून. मला कोणी सांगितलं नाही तरी कळलं की औषध वाचलं. नळीचा पारा हद्दीच्या आतच होता. दार एकदाही उघडलं नव्हतं म्हणून थंडावा टिकला, असं इवेत म्हणाली. मी खाली बसलो ते जमिनीवरच. मिलाग्रोसबाई आल्या, माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या, टोपलीतली एक शेंग घेतली आणि सोलू लागल्या. म्हणाल्या, "वेसीनो." आजवर मी सेन्योर होतो. वेसीनो म्हणजे शेजारी, हा शब्द मला गल्लीत ऐकून माहीत झाला होता.

तिळगूळ

दुसऱ्या दिवशी संक्रांत. मला गल्लीत तोंड दाखवायला लाज वाटत होती, पण मधुराने दिलेला डबा होता. आमच्याकडे रीत आहे की या दिवशी मागचं सगळं विसरून तिळगूळ द्यायचा आणि गोड बोला म्हणायचं. आदल्या दिवशी एवढा घोळ घातल्यावर याहून चांगला दिवस कुठला. घरोघरी गेलो. प्रशांत बरोबर होता, तो समजावून सांगायचा. तिसऱ्या घरी इवेतने मला पकडलं.

"तुम्ही साखरेच्या आजाऱ्यांना लाडू वाटताय?"

मी प्रशांतकडे पाहिलं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने डबा घेतला, सुरी मागवली, एकेका लाडवाचे चार तुकडे केले आणि स्वतः वाटले. नेस्तोरला त्या चतकोरातला अर्धा. तो म्हणाला, "काल बिअर गेली, आज लाडू. या माणसाला परत कधी पाठवणार?"

संध्याकाळी लाईन आली, टॉवरही आला. बाई आणि मी पडवीत बसलो होतो. फोन मधे ठेवून मी त्यांना विचारलं की तुमचे घरधनी कधी गेले. पडवीत एका माणसाचा फोटो होता, टोपी घातलेला.

फोनमधली बाई सांगू लागली. "वादळानंतर. त्या वर्षी अनेक महिने वीज नव्हती. त्यांना मधुमेह होता. आम्ही औषध बर्फात ठेवत होतो. मग बर्फ मिळाला नाही."

मी म्हणालो, माझ्या बायकोलाही तोच आजार होता. ती गेल्याला वर्ष झालं. तिच्या औषधाच्या बाटल्या अजून माझ्या फ्रिजमध्ये आहेत, आणि मी इकडे आलो तरी फ्रिज चालू ठेवून आलोय.

बाईंनी माझं बोलणं स्पॅनिशमधून ऐकलं. मग म्हणाल्या, "कोणासाठी?"

नुसतं तेवढंच. फोनमधल्या बाईनेही तेवढंच सांगितलं, तिच्या त्या बातम्यांच्या आवाजात.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यांच्या अंत्यविधीनंतर थोडं चांगलं औषध मिळालं होतं, उशिरा आलेलं. ते मी दुसऱ्या दिवशी नेस्तोरला दिलं. तो घेत नव्हता. मी रागावले." चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "म्हणून तो माझ्या घराचं पाणी भरतो आणि मला मूर्ख बनवून बिअर लपवतो."

मी हसलो. हसता हसता रडलो, हे लिहायला हरकत नाही. बाई उठल्या, कॉफी घेऊन आल्या. दूध घातलेली, दाट, अगदी आमच्या नाक्यावरच्या चहासारखी लहान कपात.

निघायच्या दिवशी त्यांनी मला वाळलेल्या तुरीची पिशवी दिली. विमानतळावर ती काढून घेतली, बी-बियाणं न्यायची परवानगी नाही म्हणाले. मी वाद घातला, प्रशांतने मला बाजूला नेलं. तेवढी एक गोष्ट त्या बेटावरून आणायची राहिली.

घर

हिंगणघाटला आलो तेव्हा फ्रिज चालूच होता. शोभाने पुसूनही ठेवला होता. दार उघडलं, दारातल्या कप्प्यात दोन्ही बाटल्या. तारीख कधीच उलटून गेलेली. जे औषध मी दिवसरात्र थंड ठेवत होतो ते कोणाच्या उपयोगाचं नव्हतं. बाटल्या खिशात घालून चौकातल्या औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, बदलून मिळणार नाही." मी म्हणालो, "बदलून नको. नीट फेकायचं कसं ते सांग." त्याने ठेवून घेतल्या. परत येताना खिसा हलका लागत होता, ते बरं नाही वाटलं. पण आलो.

मग प्रशांतला फोन करून विचारलं आणि फक्त फ्रिजसाठी मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर बसवून घेतला. वायरमनला बजावलं, याची तार वेगळी काढ, मी मेन पाडला तरी फ्रिज थांबता कामा नये. आणि इन्व्हर्टरच्या खटक्याला जाळी लाव, कारण मला माझा भरवसा नाही. तो म्हणाला, काका, तुमच्या एकट्यासाठी एवढं कशाला.

आता माझ्या फ्रिजच्या दारात शोभाच्या सासूचं औषध आहे, कोपऱ्यावरच्या मारोतराव शिंप्यांचं आहे, मागच्या गल्लीतल्या एका मास्तरीणबाईंचं आहे. सकाळ-संध्याकाळ मी उघडतो, ज्याचं त्याला देतो. माझं घर आता तसं रिकामं नसतं. मिलाग्रोसबाईंना फ्रिजचा फोटो पाठवला. फोनमधल्या बाईने निरोप आणला, "शेजारी, खुर्ची कुठे आहे?"

परवा दुपारी लाईन गेली. उठलो, मेन पाडला, खुर्ची ओढून फ्रिजच्या दाराला टेकवून बसलो. मारोतराव घामाघूम होऊन आले, म्हणाले, "एक गिलास थंडं पाणी द्या ना, भाऊ. उघडा थोडासाक."

"फ्रिज उघडजा नोका," मी म्हणालो. "माठातलं प्या."

त्यांनी घाम पुसला. म्हणाले, "अगदी सुमनवहिनीच बोलल्या."

मी म्हणालो, होय. आणि खुर्ची हलवली नाही.